भाड्याचे गाणे आणि विकतचे गाणे

बडोद्यात गाणे विकत घेण्याची रीत जुनी आहे; फक्त विकत घेणारा बदलत गेला. सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांना पदरी ठेवले, त्यांच्या हातून १८८६ साली गायनशाळा काढविली, पुढे फैयाजखाँसाहेबांना दरबारगायक केले. सरकारने गाणे विकत घ्यायचे आणि प्रजेने ते ऐकायचे, असा तो काळ होता. मग तबकडी आली आणि वकील, मामलेदार, हायस्कुलातले शिक्षक गाणे विकत घेऊ लागले. मग कॅसेट आली आणि रावपुऱ्यातल्या दुकानातून बालगंधर्व कारकुनाच्या दोन खोल्यांतही जाऊन बसले. आज कारेलीबागेतल्या कुठल्याही सोसायटीत पाहा, गाणे घरोघर आहे. पण ‘तुमच्याकडे विकत घेतलेले गाणे किती?’ असे विचारले की माणसे बुचकळ्यात पडतात. ‘फोनमध्ये आहेत की हजारो!’ हे ठरलेले उत्तर. फोनमध्ये आहेत म्हणजे नेमके काय आहे, ते आपले आहे की दुसऱ्याचे, आणि त्या दुकानात आपल्या मराठी गाण्याची काय अवस्था आहे, हे जरा तपासून पाहावे म्हणून हा लेख. पुस्तकाचे परीक्षण करतो तसे दुकानाचेही करता येते, असे माझे मत आहे.

सीमाभागातल्या अंकासाठी बडोद्याच्या माणसाने हे का लिहावे? कारण आपली अवस्था एकसारखी आहे. तुमच्या घरात कन्नड ये-जा करते, आमच्या घरात गुजराती. मुलांची शाळा बहुधा तिसऱ्याच भाषेत. अशा घरात मराठी पुस्तकाचा नंबर उशिरा लागतो, गाण्याचा आधी. आमच्याकडची कितीतरी मुले ‘ळ’ शिकली ती आजीच्या अभंगांतून. आणि गाण्याच्या बाबतीत तुमच्या-आमच्यात जुनी सोयरीकही आहे. अब्दुल करीमखाँसाहेब बडोद्याच्या दरबारात होते. १८९८च्या सुमारास ताराबाई माने यांच्यासह त्यांनी बडोदे सोडले आणि पुढे ते मिरजेत स्थिरावले. त्यांची कन्या हिराबाई १९०५ साली मिरजेत जन्मली, पण नाव लावले बडोदेकर. गाव सुटले तरी नावात राहिले. नावाचा हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

आधी बाजाराकडे पाहू. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मोबाईल दुरुस्तीच्या टपऱ्यांवर गुजरातीत पाट्या असत, ‘अहीं गीतो भरी आपवामां आवशे.’ टाकीत पेट्रोल भरावे तशी कार्डात गाणी भरून मिळत. पंचवीस-तीस रुपयांत चारशे-पाचशे गाणी. तुमच्याकडेही ती कन्नडमध्ये असणारच. हा व्यवहार सरळसरळ बेकायदा होता. गायकाला, संगीतकाराला, कवीला त्यातले एक पैही जात नव्हते. पण कायद्याचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी रसिक म्हणून माझी तक्रार वेगळीच आहे. त्या पाचशे गाण्यांत आपण मागितलेली दहा. बाकीची दुकानदाराची निवड. नावे अर्धवट, कुठे भलतीच; नाट्यपद सुरू व्हावे आणि अंतऱ्याच्या मध्येच तुटावे; एकाच गाण्याच्या तीन प्रती. फुकटाच्या जवळपास मिळालेली वस्तू माणूस जशी वापरतो, तशीच ती गाणी वापरली गेली. फोन बदलला की कार्ड ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवर आवरला की केरात.

त्या काळी कायदेशीर दुकान नव्हते का? होते, पण थोडे उशिरा आले. अमेरिकेत ॲपल कंपनीने २००३ साली ९९ सेंटला एक गाणे विकायला सुरुवात केली. आपल्याकडे फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२मध्ये ‘फ्लाईट’ नावाचे डाऊनलोडचे दुकान उघडले. गाणी स्वस्त होती. चहा-नाश्त्याच्या पैशात गाणे येई. तरी ते दुकान जून २०१३मध्ये बंद झाले. कारणे दोन सांगण्यात आली. एक, चोरीच्या गाण्यांचा सुळसुळाट. दुसरे कारण अधिक बोलके आहे. सहा-आठ-दहा रुपयांसारखी किरकोळ रक्कम संगणकावरून भरण्याची सोपी सोय तेव्हा देशात नव्हती. गाणे स्वस्त होते, ते स्वस्तात घेण्याचा रस्ता मात्र महाग आणि अडचणीचा होता. ती सोय यूपीआयच्या रूपाने २०१६ साली आली. आज कारेलीबागेतला भाजीवाला दहा रुपयांची कोथिंबीर फोनवर विकतो. दुकान मिटले आणि तीन वर्षांनी त्याच्या दारापर्यंत रस्ता झाला, असा हा प्रकार!

ॲपलचे आयट्यून्स दुकान भारतात डिसेंबर २०१२मध्ये उघडले. गाण्याची किंमत साधारण दहा-पंधरा रुपयांच्या घरात ठेवली होती. म्हणजे अमेरिकेतल्या किमतीच्या चौथाईच्या आसपास. या दुकानाची एक गोष्ट मोलाची आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. सुरुवातीच्या काळात तिथल्या फाईलींना कुलूप असे. कंपनीने परवानगी दिलेल्या यंत्रांवरच त्या वाजत. २००९पासून ते कुलूप निघाले. आपल्याकडे दुकान त्यानंतर आले, त्यामुळे इथे विकली गेलेली गाणी पहिल्या दिवसापासून बिनकुलपाची. एकदा घेतले की संगणकावर ठेवा, पेनड्राईव्हवर ठेवा, घरातल्या दुसऱ्या यंत्रावर वाजवा. कायद्याच्या काटेकोर भाषेत तुम्ही गाण्याचे मालक होत नाही, ऐकण्याचा परवाना घेता. तबकडीच्या बाबतीत तरी वेगळे काय होते? गाणे कंपनीचेच होते, तबकडी आपली होती. इथे फाईल आपली असते.

आणि इथेच आजची मोठी फसगत आहे. गाण्याच्या ॲपमध्येही ‘डाऊनलोड’ असे बटण असते. माणूस ते दाबतो, खाली उतरणारा बाण दिसतो, आणि गाणे आपले झाले असे त्याला वाटते. ते आपले झालेले नसते. ते गाणे त्याच ॲपच्या पेटीत, कुलपात पडून राहते. महिन्याचे पैसे थांबले की पेटी उघडत नाही. एअरटेलची ‘विंक’ ही सेवा २०१४ साली आली, लाखो लोकांनी वापरली, आणि २०२४ साली कंपनीने ती बंद करायचे ठरवले. त्याच वर्षी जानेवारीअखेर ‘रेसो’ भारतातून गेली. अशा वेळी वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्या आणि ‘डाऊनलोड’ केलेली गाणी दुकानाबरोबर जातात. भाड्याच्या घरातले कपाट आपले नसते, तसेच हे. घरमालकाला दोष देण्यात अर्थ नाही, करारातच तसे लिहिलेले असते. पण भाड्याला ‘खरेदी’चा शब्द लावावा, हे मात्र भाषेच्या शिक्षकाला खटकते.

स्वस्त काय, याचाही हिशेब करून पाहू. शिक्षक माणूस, पाटीवर मांडल्याशिवाय चैन पडत नाही. भाड्याची सेवा महिना १२० रुपये धरली तर वर्षाचे १,४४० आणि पाच वर्षांचे ७,२०० रुपये होतात. पाच वर्षांनी पैसे थांबवले तर हाती शून्य. उलट एखाद्या कुटुंबाने महिन्याला पाच गाणी, प्रत्येकी १२ रुपयांना घेतली तर महिना ६०, वर्षाला ७२० रुपये. पाच वर्षांत खर्च ३,६०० आणि घरात ३०० गाणी. तीनशे गाणी थोडी वाटतात काय? आपल्या आई-वडिलांच्या घरातल्या कॅसेटी मोजा. पन्नास कॅसेटी असलेले घर म्हणजे गाण्याचे घर समजले जाई, आणि एका कॅसेटवर आठ-दहा गाणी. तेवढ्या पुंजीवर घरातल्या माणसांचे कान तयार झाले. अर्थात ज्याला दररोज नवे ऐकायचे आहे, चित्रपट लागला की त्याची सगळी गाणी त्याच आठवड्यात हवी आहेत, त्याला भाडेच परवडेल. त्याच्याशी माझा वाद नाही. पुस्तकाच्या बाबतीतही आपण वाचनालय लावतोच की. पण ज्ञानेश्वरी कोणी वाचनालयातून आणत नाही.

आता मूळ परीक्षणाकडे वळतो. माझी पहिली हरकत दुकानाच्या मापावर आहे. दुकान गाणे मोजते ते नगावर. भावगीत एक नग, तीन-साडेतीन मिनिटांचे. आणि चाळीस मिनिटांचा ख्याल हाही एक नग. डाऊनलोडच्या दुकानाने त्यावर दीर्घकाळ तोड काढली ती अशी, की दहा मिनिटांहून लांब चीज सुटी विकायचीच नाही, अख्खा संच घ्या. म्हणजे एखाद्या विद्यार्थ्याला एक मारवा हवा असेल तर त्याने अख्खी मैफल विकत घ्यायची. भाड्याच्या दुकानात तर याहून विचित्र. स्पॉटिफायच्या हिशेबात तीस सेकंद ऐकले की एक वादन मोजले जाते. तीन मिनिटांचे गाणे तेवढ्या वेळात पूर्ण रंगात आलेले असते. ख्यालात तीस सेकंदांत तानपुऱ्यावर नुसता षड्ज लागलेला असतो. पण मोबदला दोघांना एकाच मापाने. तासाभरात वीस भावगीते वाजली तर वीस वादने; त्याच तासात एक मालकंस ऐकला तर एक. ज्या संगीतात विस्तार हाच प्राण आहे, त्या संगीताला या मापाने तोटाच व्हायचा.

शिवाय त्या कंपनीने २०२४पासून असा नियम केला, की वर्षभरात एक हजारापेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला काहीच मोबदला मिळणार नाही. मोठ्या गायकांना याची झळ नाही. पण आपल्या भागातल्या एखाद्या कीर्तनकाराने, एखाद्या शाळामास्तराने स्वतःच्या खर्चाने केलेल्या अभंगांच्या ध्वनिमुद्रणाचे काय? तो शंभर घरांत मनापासून ऐकला जातो. शंभर घरांनी दहा-दहा वेळा ऐकावे तेव्हा कुठे हजार होतात. त्याच शंभर घरांनी ते ध्वनिमुद्रण बारा रुपयांना एकेकदा विकत घेतले असते तर बाराशे रुपये जमले असते आणि दुकानाचा वाटा वजा जाता, तीस टक्के धरा, आठशे चाळीस रुपये गाण्याच्या बाजूला राहिले असते. आठशे चाळीस रुपये ही काही मोठी रक्कम नव्हे, हे मलाही कळते. तबलजीच्या रिक्षाचे पैसे निघाले एवढेच. पण शून्याहून ती वेगळी आहे. थोड्या श्रोत्यांच्या संगीताला विक्री तारते, भाडे तारत नाही, आणि दुभाषिक जिल्ह्यातले मराठी गाणे हे थोड्या श्रोत्यांचेच गाणे आहे.

ज्यांना हे उमगले त्यांनी वेगळी दुकाने काढून पाहिली. शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी २००३ साली ‘अंडरस्कोअर रेकॉर्ड्स’ सुरू केले. ध्वनिमुद्रणावरचा हक्क कलावंताकडेच ठेवून विक्री करावी ही त्यामागची कल्पना. परदेशातले ‘बँडकॅम्प’ हे दुकान २००८पासून आहे. तिथे कलावंत स्वतः मांडणी करतो, किंमत स्वतः ठरवतो, डाऊनलोडच्या विक्रीतले पंधरा टक्के दुकान घेते, आणि फाईल बिनकुलपाची मिळते. हवी तर पूर्ण प्रतीची, न दाबलेली. आपल्याकडून घेताना परदेशी व्यवहार चालू असलेले कार्ड लागते, ही अडचण आहे. दहा रुपयांच्या किरकोळीचा प्रश्न तिथे डॉलरच्या रूपाने पुन्हा उभा राहतो. मराठी कलावंत तिथे फारसे गेलेले दिसत नाहीत, ही त्यांची चूक की आपली, असा प्रश्न पडतो. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसच्या कॅसेटींसाठी माणसे वाट वाकडी करून कर्वे रस्त्यावर जात, हे ज्यांना आठवते त्यांना मी काय म्हणतो ते समजेल.

दुसरी हरकत चिठ्ठीची, म्हणजे नावांची. १९०२ साली कलकत्त्यात गायझबर्ग नावाच्या साहेबाने गौहरजानचे ध्वनिमुद्रण केले. गाणे संपताच ती आपले नाव उच्चारते. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला घडवल्या जात; तिथल्या कारागिरांना चिठ्ठीवर कोणाचे नाव छापायचे ते कळावे म्हणून ही युक्ती, असे सांगतात. कारण काहीही असो, तिचे नाव तिच्या आवाजाबरोबर सव्वाशे वर्षे टिकले. पुढे तबकडीच्या चिठ्ठीवर गायकाचे नाव, नाटकाचे नाव, पुष्कळदा रागाचे नाव येऊ लागले. दीर्घवादन तबकडीच्या मागच्या बाजूला तर छोटा निबंधच असे; आमच्या पिढीने अर्धे संगीत-समीक्षेचे शिक्षण तिथे घेतले. आज विकत घेतलेल्या फाईलीबरोबर काय येते? गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द, तेही रोमन लिपीत, आणि गायकाचे नाव. कवी बहुधा नाही. संगीतकार असला तर गायकांच्या रांगेत, जणू त्यानेही गायले आहे. रोमन लिपीत ‘ण’ आणि ‘न’ एक, ‘ळ’ आणि ‘ल’ एक. त्यामुळे एकच गायक तीन स्पेलिंगांत विखुरलेला सापडतो, आणि शोधणाऱ्या मुलाला वाटते की हे तीन वेगळे गायक आहेत.

ही काही किरकोळ कुरकुर नव्हे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात मोठा बदल झाला. चित्रपटगीतांच्या कवी-संगीतकारांनी हक्क लिहून दिले असले तरी पुढच्या वापरातला मानधनाचा वाटा त्यांचाच राहील, तो कोणाला देऊन टाकता येणार नाही, असे त्याने ठरवले. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत बाजू मांडली होती. कायद्याने कवीला वाटा दिला आणि दुकानाने त्याचे नावच लिहिले नाही, हे कसे चालावे? ज्याचे नाव चिठ्ठीवर नाही त्याचा वाटा त्याच्या दारापर्यंत पोचणे अवघडच.

तिसरी गोष्ट खास आपल्यासारख्यांची. ॲप उघडताच ते विचारते, तुमची भाषा कोणती? दुभाषिक घराला या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही. भीमसेन जोशींचे उदाहरण घ्या. गदगचा माणूस, मराठीत अभंगवाणी, कन्नडमध्ये दासवाणी. तुमच्या घरात ही दोन्ही एकाच सकाळी वाजतात. दुकानात मात्र एक मराठीच्या फळीवर, दुसरी कन्नडच्या. मल्लिकार्जुन मन्सूरांची वचने एका खणात, त्यांचे ख्याल दुसऱ्या. सुळेभावीचे कुमार गंधर्व तर कोणत्याच खणात मावत नाहीत. आमच्याकडे नवरात्राचे नऊ दिवस घरातल्या एकाच फोनवर गरबा चालला (आणि तो चालावाच, बडोद्याचा गरबा सोडून मराठी मुले घरी बसलेली मी पाहिली नाहीत), की पुढे महिनाभर ॲप आमच्यापुढे गुजरातीच वाढत राहते. यंत्राला संख्या कळते, घर कळत नाही. विकत घेतलेल्या गाण्यांच्या खणात मात्र पाटी तुम्हीच लावता. तिथे भीमसेनांचे दोन्ही आवाज शेजारी ठेवता येतात.

संचाचेही तेच. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ मांडले, ती एका गायकाने दुसऱ्या गायकाची केलेली समीक्षाच आहे. तिच्यात पदांचा क्रम हा युक्तिवादाचा भाग आहे. ती सुटी-सुटी, मध्ये दुसऱ्याच कोणाचे गाणे घालून ऐकणे म्हणजे निबंधातली वाक्ये उलटसुलट वाचणे. असा संच अख्खाच घ्यावा. इथे दुकानाची ‘अख्खा घ्या’ ही अट मला मान्य आहे!

एकदाच पैसे भरून गाणे घरी आणण्याचा आणखी एक रस्ता सारेगामा कंपनीने २०१७ साली काढला. जुन्या ट्रान्झिस्टरच्या रूपाची ‘कारवाँ’ नावाची पेटी, आत पाच हजार गाणी, किंमत सहा हजारांच्या आत. पुढे तिची मराठी आवृत्तीही आली. कारेलीबागेतल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांच्या उशाशी ती दिसते. इंटरनेट नको, जाहिरात नको, बटण दाबले की गाणे. गाण्यामागे रुपया-सव्वा रुपया पडला. कायदेशीर संगीत याहून स्वस्तात क्वचितच मिळाले असेल. पण निवड कंपनीची, आणि ती तिच्याच भांडारातली. पेटीतले गाणे बाहेर काढून नातवाच्या फोनवर देता येत नाही. वृद्धांसाठी उत्तम, घराचा संग्रह म्हणून अपुरी.

आणि आता फुकटच्या, तरीही पूर्ण कायदेशीर गाण्याबद्दल, कारण याविषयी दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. काहींना वाटते जुने ते सगळे मोकळे. काहींना वाटते काहीच मोकळे नाही. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झालेल्या वर्षानंतर साठ वर्षे चालतो. म्हणजे १९६४अखेरपर्यंत भारतात प्रसिद्ध झालेल्या तबकड्या आता या हक्कातून मोकळ्या आहेत. (पूर्वी ही मुदत पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले. त्यांच्या साहित्याची मुदत १९९१ला संपत होती, तेव्हा १९९२ साली कायदा बदलून ती साठ केली.) पण तबकडीचा हक्क निराळा आणि तिच्यातल्या शब्दांचा नि चालीचा निराळा, तो कवी किंवा संगीतकार वारल्यानंतर साठ वर्षे.

दोन उदाहरणे घेतली की हे स्पष्ट होते. ‘संगीत स्वयंवर’ १९१६ सालचे. पदे खाडिलकरांची, ते १९४८ साली गेले, मुदत २००८अखेर संपली. चाली भास्करबुवा बखल्यांच्या. ते १९२२ साली गेले. बालगंधर्वांच्या आवाजातल्या त्या जुन्या तबकड्या म्हणूनच तिन्ही अंगांनी मोकळ्या आहेत. भास्करबुवा बडोदे संस्थानातल्या कठोर गावचे आणि बडोद्यातच फैजमहंमदखाँकडे शिकलेले. त्यांच्या स्वतःच्या गळ्याचे ध्वनिमुद्रण मागे राहिलेले नाही, ते आपल्याला ऐकू येतात ते बालगंधर्वांच्या, मास्तर कृष्णरावांच्या गळ्यातून. फैयाजखाँसाहेब १९५० साली याच गावी गेले. ‘प्रेमपिया’ या मुद्रेने बांधलेल्या त्यांच्या बंदिशी आणि त्या काळच्या तबकड्या दोन्ही मोकळ्या. दरबारने विकत घेतलेले गाणे अखेर प्रजेच्या मालकीचे झाले, म्हणाना.

आता ‘गीतरामायण’ घ्या. पुणे आकाशवाणीवर ते १९५५च्या एप्रिलपासून सुरू झाले, म्हणजे सत्तर वर्षे उलटली. म्हणून ते मोकळे झाले असे कोणी म्हणेल तर ते बरोबर नाही. गदिमा १९७७ साली गेले. शब्दांचा हक्क २०३७अखेरपर्यंत आहे. बाबूजी २००२ साली गेले. चालीचा हक्क २०६२पर्यंत. ते ऐकायचे तर विकत घेऊन ऐकावे. बारा रुपयांना एक गीत धरले तरी छप्पन्न गीतांचे ६७२ रुपये होतात. संच बहुधा त्याहून स्वस्त पडतो. लग्नाच्या आहेरात याहून जास्त पैशांचे स्टीलचे डबे देतो आपण.

शाळांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण स्नेहसंमेलनाच्या वेळी हा प्रश्न हमखास येतो. शाळेच्या कार्यक्रमात ध्वनिमुद्रण वाजवायला कायद्याची आडकाठी नाही, मात्र प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळीच असली पाहिजेत. तिकीट लावून गावाला बोलावले तर ती सवलत उरत नाही. वाजवण्याची प्रत मात्र कुठून आणली, हे बघायला नको का? आमच्या शाळेत आम्ही गेली काही वर्षे संमेलनाची मराठी गाणी विकत घेतो. आठ-दहा गाण्यांचे सव्वाशे रुपये होतात. झिरमिळ्यांचा खर्च त्याहून जास्त असतो. पावती फाईलला लावतो. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी ती पावती दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि ‘हे काय?’ म्हणून विचारले. गाणे विकत घेतल्याची पावती त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी.

घेतलेली फाईल संगणकावर आली की एक काम विद्यार्थ्यांकडून करवून घेतो. फाईलीच्या चिठ्ठीत रकाने असतात, त्यांत देवनागरीत लिहिता येते. कवी, संगीतकार, नाटक किंवा चित्रपट, साल, राग असे शोधून भरायचे. गुजराती माध्यमातून आमच्याकडे आलेली दोन मुले या कामात सगळ्यांत पुढे आहेत. मग एक प्रत शाळेच्या संगणकावर, एक वेगळ्या पेनड्राईव्हवर, आणि नावांची यादी वहीत शाईने. गेल्या वर्षी ‘स्वयंवर’मधले एक पद घेतले. दुकानाने दिलेल्या चिठ्ठीत गायिकेचे नाव होते, कंपनीचे होते, नाटकाचे नव्हते. खाडिलकर नव्हते, भास्करबुवाही नव्हते. नववीतल्या मुलीने वाचनालयातून नाटकाची प्रत आणली, अंक आणि प्रवेश शोधला, आणि दोन्ही नावे भरली. ‘बखले’ लिहायचे की ‘बाखले’, यावर वर्गात थोडा वाद झाला, तो मी मुद्दाम पाच मिनिटे चालू दिला.